अकलूज ते सोलापूर, गवताचे सात गठ्ठे घेऊन

आमचे हे सोलापूरला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. आठवडाभर तास, पेपर तपासणी, बैठका. रविवार तेवढा संशोधनाचा. माळावरची गवतं आणून वर्तमानपत्रात दाबून वाळवायची. रोजचे ओले कागद बदलणं माझं काम. हे कोरडा कागद हातात द्यायचे, मी गवत त्यावर सरकवायची. माझी शाळा सातवीपर्यंतची. वाचायची गोडी लागली ती ते कागद वाचूनच.

हे गेल्यावर मी अकलूजला भावाकडे आले, शेवटच्या वर्षाचे सात गठ्ठे घेऊन. परवा त्यांच्या विद्यार्थिनीचा, स्वातीचा फोन आला. "काकू, ते नमुने मिळाले तर माझा प्रबंध पुरा होईल. मार्चला मुदत संपतेय."

सकाळी सहाची एसटी धरली. पंढरपूर, मोहोळ करत साडेतीन तास लागतात. बायकांना अर्धं तिकीट आहे. सामान असेल तर मागची सीट बरी.

"रद्दी हाय का मावशी?" कंडक्टरने विचारलं.

"गवत आहे."

"आन् सोलापूरला कशाला? तितं रानात गवात न्हाय व्हय?"

गाडी हसली. मीही हसले.

स्टँडवरून रिक्षाने कॉलेज. अकराच्या आत पोचा, नंतर सगळे प्रॅक्टिकलला जातात. स्वातीने घाईघाईने पहिला गठ्ठा सोडला, कागद उलटसुलट केला. मग दुसरा.

"काकू, नंबर कुठंयत?"

"कसले?"

"कागदाच्या कडेला, पेन्सिलीने. गवत कुठं, कधी मिळालं ते सरांच्या वहीत त्या नंबरावर आहे की."

मला ते आकडे आठवले. पेपर टाकणारा घराचा नंबर लिहितो, तसले वाटायचे. हे प्रत्येक कोरड्या कागदावर आधी नंबर उतरवून मगच माझ्या हातात देत होते. एवढ्या वर्षांत ते कधी बोलले नाहीत, मी कधी विचारलं नाही. ओल धरू नये म्हणून वर्षभर मी एकटीने कागद बदलले आणि जुने बंबात घातले.

सातवा गठ्ठा यांनी स्वतः बांधलेला, म्हणून मी सोडलाच नव्हता. त्यात बुरशी होती आणि नंबर होते. अकरा काड्या.

"एवढे चालतील," स्वाती म्हणाली. "बाकीचे पहिल्या वर्षाच्या पोरांना दाखवू. मी मुदतवाढ मागते." तिने डोळे पुसले आणि मला पाणी दिलं.

स्टँडजवळ कडक भाकरी आणि शेंगाची चटणी चांगली मिळते. मी बांधून घेतली. घरापर्यंत तशीच आली.

तुमच्या घरातलं असं कुणी गेलं असेल, तर काहीही नीटनेटकं करण्याआधी त्यांच्या विद्यार्थ्याला बोलवा.

"पोचलं का सगळं?" भावजयीने विचारलं. पोचलं म्हटलं.

आता सकाळी पेपर आला की बातमीआधी मी त्याची कड बघते. पेन्सिलीने बारा लिहिलेलं असतं. तो भावाच्या घराचा नंबर.