मंगल्याचं पोट आणि माझी पावरी

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच तोंड उघडतो. तुम्ही हसणारच, हेही मला माहीत आहे. उभी हयात डॉक्टरकी केली, पण मी हात लावलेल्या पहिल्या ऑपरेशनबद्दल माझ्या दवाखान्यात कधी चकार शब्द काढला नाही. काढला असता तर रोगी बाकावरून उठून गेले असते.

इंग्रजांचा काळ होता. आपला नंदुरबारचा भाग तेव्हा पश्चिम खानदेशात, सगळा कारभार धुळ्याहून चालायचा. आमचं घर तळोद्याला. आजोबा मारवाडातून आलेले. बापूजींचं दुकान भर बाजारात. डोंगरातले पावरे आदिवासी डिंक, चारोळी, मोहाची फुलं घेऊन यायचे आणि मीठ, गूळ, कापड घेऊन परत चढायचे. आम्ही घरात मारवाडी बोलायचो, गल्लीत अहिराणी, शाळेत मराठी. मॅट्रिकला मार्क बरे पडले आणि माझ्या डोक्यात शिरलं, आपण डॉक्टर व्हायचं.

त्या काळी मॅट्रिकनंतर मेडिकल स्कूलला अर्ज करता यायचा. मी नवा कोट शिवून पुण्याला गेलो. टेबलापलीकडे तीन मोठे डॉक्टर बसलेले. मधले सगळ्यांत म्हातारे, मिशा पांढऱ्याशुभ्र. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“आजारी माणसाच्या उशाशी कधी बसलायस का?”

“नाही सर,” मी छाती काढून सांगितलं, “आमच्या घरात कुणी आजारीच पडत नाही.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. म्हातारे डॉक्टर शांतपणे म्हणाले, “एवढ्या निरोगी घराला डॉक्टर कशाला हवा? वर्षभर कुठल्यातरी दवाखान्यात राहा. रोग्याला हात लाव. मग ये.”

घरी आलो. बापूजी गादीवर बसले होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, “नाही घेतलं ना? बरं झालं. डिंक आलाय, निवडायला बस.”

डिंक निवडता निवडता मी ठरवलं, पुढच्या वर्षी असा तयार होऊन जायचं की पुन्हा ‘नाही’ म्हणायची कुणाची छाती होऊ नये. बापूजींच्याच ओळखीनं धडगावच्या सरकारी दवाखान्यात सोय झाली. तिथं दातार डॉक्टर होते. मूळचे पुण्याकडचे, एकटेच राहायचे, स्वभावानं लोण्यासारखे. पण मुलाबाळांवर कुणी हात उगारलेला दिसला की तेच दातार अंगार व्हायचे.

तेव्हाचं धडगाव काय सांगू? थंडीत सकाळी डोंगर दिसायचेच नाहीत. नुसतं धुकं, आणि त्या धुक्यातून खोकल्याचे आवाज आधी यायचे, माणसं मागून दिसायची. दवाखान्याच्या ओसरीवर शेकोटी पेटलेली. डॉक्टर स्वतः चहा करायचे आणि पहिला पेला मला द्यायचे. आजही कुठं ओल्या लाकडाचा धूर नाकात गेला की मी त्या ओसरीवर जाऊन बसतो.

पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी विचारलं, “पन्नालाल, तुला पावरी बोली येते?”

“येते, साहेब.”

आता ‘येते’ म्हणजे किती येते, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मला दुकानातली पावरी यायची. आण, ठेव, तोल, ओला माल, सुका माल, विकला, घेतला, पुढच्या बाजाराला ये. बस, एवढीच. पण दवाखान्यात तरी काय मोठं लागतं? दुखतंय कुठं ते रोगी बोटानं दाखवतो. महिनाभरात मी डॉक्टरांचा दुभाषा म्हणून गावात मिरवायला लागलो. डॉक्टर प्रश्न विचारायचे मराठीत, मी दुकानदाराच्या ऐटीत तो पावरीत फेकायचो आणि आलेलं उत्तर झोकात मराठीत आणायचो.

अशात बातमी आली, धुळ्याचे मोठे सरकारी डॉक्टर पाहणीला येताहेत. दातार मला म्हणाले, “पन्नालाल, पुण्यात त्यांच्या शब्दाला वजन आहे. तुझं काम त्यांच्या डोळ्यांत भरलं तर तुझा प्रवेश पक्का समज.”

मोठे साहेब आले. उंचेपुरे, खाकी टोपी, बोलणं कमी. सकाळी ओसरीवर खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, “तुमचं चालू द्या. मी नुसता बघतो.”

पहिलाच रोगी आला दित्या पावरा. वरच्या पाड्यावरचा, पन्नाशीचा, काटक माणूस. डोंगर उतरून आला होता, धाप लागलेली. त्याची पावरी मी तुम्हाला मराठीतच सांगतो.

“माझा मंगल्या आजारी आहे,” दित्या म्हणाला. “पोट फुगलंय. जमिनीवर पडलाय, उठत नाही. डोळ्यांतून पाणी काढतो.”

मी डॉक्टरांना सांगितलं, “साहेब, ह्याचा मुलगा मंगल्या. पोट फुगलंय, सारखा रडतोय.”

मंगळवारी जन्मलेली मंगल्या नावाची पोरं त्या डोंगरात घरोघरी होती. मला शंका यायचं कारणच काय?

“वय काय?” डॉक्टरांनी विचारलं.

“सहा पावसाळे.”

“सहा वर्षांचा,” मी सांगितलं.

“अरेरे. काय खाल्लं त्यानं?”

दित्यानं कपाळाला हात लावला. “काल शेजाऱ्याच्या शेतात शिरला. हिरवी तूर पोटभर खाल्ली. त्यानं काठीनं बडवला, तरी खातच होता.”

“काठीनं?” डॉक्टरांचा आवाज चढला. “सहा वर्षांच्या लेकराला? आणि हा उपाशी का असतो? ह्याला घरी खायला घालत नाही का?”

“घालतो,” दित्या म्हणाला. “काम करतो म्हटल्यावर घालायलाच लागतं. परवापर्यंत औत ओढत होता. डोंगरातून लाकडंही ओढून आणतो.”

हे मी मराठीत आणलं तेव्हा दातार डॉक्टर खुर्चीवरून उठलेच. मोठे साहेब सावरून बसले.

“औताला जुंपतोस? लाज नाही वाटत? एवढ्याशा जिवाला?”

मी ते तेवढ्याच आवाजात दित्याला ऐकवलं. अगदी डॉक्टरांसारखा हातही उगारला. आता तुम्ही म्हणाल, दित्याला तरी कळायला नको होतं? पण त्याचंही बरोबर होतं. आम्ही तळोद्याचे वाणी. गुरांना मारू नका, जास्त ओझं घालू नका, असं आमची माणसं बाजारात पावऱ्यांना नेहमीच सांगायची. त्याला वाटलं, वाण्याचा पोरगा, हा असंच बोलणार. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, “सहा पावसाळे म्हणजे काय लहान? लोक तीन पावसाळ्यांचा झाला की जुंपतात. मी तर उशीरच केला.”

मी तेही मराठीत आणलं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. “घरी काही उपचार केला का?”

“भगताला बोलावलं. त्यानं तापल्या सळईनं पोटावर डाग दिला.”

“देवा रे. आणि ह्याची आई काय करत होती?”

दित्यानं सहज उत्तर दिलं. मी क्षणभर थबकलो. पण तो शब्द तर माझ्या पक्क्या ओळखीचा. सगळ्या पावरी भाषेत मला एकाच शब्दाची पक्की खात्री होती, आणि तो नेमका हाच.

“साहेब,” मी म्हणालो, “आईला त्यानं मागच्या वर्षी विकलं. अक्कलकुव्याच्या बाजारात. गुजरातकडच्या माणसाला.”

दवाखान्याच्या दारात गावचे जमादार उभे होते, मोठ्या साहेबांच्या बंदोबस्ताला आलेले. ते पुढे आले. “काय सांगस भाऊ? बायको इकी टाकी?”

“विचार त्याला,” डॉक्टर थरथरत म्हणाले, “हा त्या पोराचा सख्खा बाप तरी आहे का?”

मी विचारलं. आणि दित्या असा हसला, असा हसला, की त्याला खोकल्याची उबळ आली. त्याला वाटलं, वाण्याच्या पोरानं थट्टा केली.

“मी? बाप तिकडं गावात मोकळा फिरतोय. सगळ्या पाड्यांवर त्याचीच पिल्लावळ.”

हे मी कसंबसं, मान खाली घालून सांगितलं. मोठे साहेब उठले. त्यांनी टोपी घातली आणि एवढंच म्हणाले, “घोडी काढा. आपण तिथं जातोय. दातार, तुमची हत्यारांची पेटी घ्या. जमादार, तुम्हीही चला.”

अशी निघाली आमची वरात. पुढे दित्या, त्याच्यामागे घोड्यांवर दोन डॉक्टर, मग कमरेला पट्टा आवळलेले जमादार आणि शेवटी पेटी डोक्यावर घेतलेला मी. चढ असा की छाती फुटावी. पण मला त्याचं काहीच नव्हतं. एका अभागी लेकराला वाचवायला मी निघालो होतो, तेही मोठ्या साहेबांच्या डोळ्यांदेखत. पुण्याच्या त्या टेबलासमोर काय काय सांगायचं, याची वाक्यं मी चढतानाच जुळवत होतो. दित्या मात्र दर वळणावर मागे वळून आमच्याकडे पाहायचा. त्याच्या चेहऱ्यावर नवल मावत नव्हतं. तो औषधाची पुडी मागायला आला होता आणि अख्खं सरकार त्याच्यामागून डोंगर चढत होतं.

पाड्यावर पोचलो. दित्याची बायको पाण्याचा हंडा घेऊन बाहेर आली. तिला पाहून जमादार गोंधळले. विकलेली बायको इथं कशी? दित्यानं आम्हाला झोपडीला वळसा घालून मागं नेलं. जमादार सगळ्यांच्या पुढं होते. ते जागीच थांबले, वळले आणि टोपी काढून डोकं खाजवत म्हणाले,

“डॉक्टरसाहेब, हाऊ ते बैल शे.”

पांढराशुभ्र, देखणा बैल. डावी कूस नगाऱ्यासारखी फुगलेली, मान जमिनीवर टाकलेली, डोळ्यांतून खरंच पाण्याची धार लागलेली.

दातार डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर परवडलं असतं. ते नुसते पाहत राहिले. माझ्या डोक्यावरची पेटी एकाएकी मणामणाची झाली. पुणं, मेडिकल स्कूल, जुळवलेली वाक्यं, सगळं पाड्याखालच्या दरीत गडगडत गेलं.

दित्या मंगल्याजवळ बसला होता. त्याच्या कपाळावर हात फिरवत तो त्याला काहीतरी सांगत होता. ते मात्र मला नीट कळलं. “बघ, तुझ्यासाठी केवढी माणसं आलीत.”

मोठे साहेब बैलापाशी उकिडवे बसले. कूस बोटांनी वाजवून पाहिली. मग कोट काढून माझ्याकडे फेकला.

“माझं लहानपण गोठ्यात गेलंय,” ते म्हणाले. “दातार, जलोदरात पोटातलं पाणी काढायची नळी असेल ना पेटीत? काढा.”

“पण साहेब, हा बैल...”

“पोट फुगलंय, रोगी तळमळतोय, आणि आपण डोंगर चढून आलोय. आता काय परत जायचं?” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “दुभाषे, तुम्ही डोकं धरा.”

मी गुडघे टेकून बसलो आणि धरलं. जमादार आणि दित्यानं पाय दाबले. साहेबांनी जागा चाचपली आणि एका दणक्यात नळी आत घातली. भात्यातून सुटावी तशी हवा सुटली. तो वास अजून माझ्या कोटात असेल. मंगल्यानं मानेला असा हिसका दिला की मी जवळजवळ त्याच्या पाठीवर जाऊन पडलो, पण हात सोडले नाहीत. हळूहळू कूस खाली बसली. घटकाभरानं तो पुढच्या पायांवर रेटा देत धडपडत उभा राहिला आणि पहिलं काम काय केलं असेल, तर माझी बाही चाटली.

दित्याच्या बायकोनं आम्हाला ज्वारीची भाकर आणि तिखटजाळ चटणी वाढली. तिथंच, त्या झोपडीमागं, दातार डॉक्टरांना पहिल्यांदा हसू फुटलं. मग मोठ्या साहेबांना. मग जमादार तर डोळे पुसायला लागले. का हसतात ते जमादारांनी दित्याला खुणांनी समजावलं, तेव्हा दित्यानं बायकोला बोलावून तिच्याकडे बोट दाखवलं आणि मला विचारलं, “हिला विकायचंय, तुझे बापूजी घेतात का?” तिनं हातातली काठी उगारली. एवढं पोट धरून मी पुन्हा कधी हसलो असेन असं वाटत नाही. त्यातलं आज कुणी उरलेलं नाही. मी तेवढा आहे.

उतरताना मोठे साहेब घोडी थांबवून मला म्हणाले, “मी शिफारस वगैरे काही लिहून देणार नाही. पुण्याला गेलास की आज जे केलंस ते खरं खरं सांग.”

पुढची हिवतापाची साथ मी दित्याच्याच पाड्यावर काढली. आजाऱ्यांच्या उशाशी बसून पावरी नव्यानं शिकलो. आणि उन्हाळा सरता सरता पुन्हा त्याच टेबलासमोर जाऊन उभा राहिलो.

तेच तिघे डॉक्टर. मी हिवतापाचं सांगितलं, त्यांनी माना डोलावल्या. मग म्हातारे डॉक्टर म्हणाले, “एखादं ऑपरेशन पाहिलंस का?”

खरं सांगायचं होतंच, पण सगळंच सांगायला पाहिजे असं कुठं होतं? मी बैल हा शब्द तेवढा टाळायचं ठरवलं.

“मदत केली, सर. डोंगरातल्या पाड्यावर. पोट अतोनात फुगलेलं. साहेबांनी नळी घातली. मी डोकं धरलं होतं.”

तिघेही पुढे सरकले. डावीकडच्या डॉक्टरांनी कौतुकानं विचारलं, “तिथं क्लोरोफॉर्म कुठला असणार? मग एवढ्या वेदनेत रोगी हलला नाही?”

“हलला ना, सर. पण मी घट्ट धरला होता.”

“अरे, पण धरलास कसा?”

मला तो दिवस असा डोळ्यांपुढं दिसत होता की माझे दोन्ही हात आपोआप वर गेले. “दोन्ही शिंगं धरून, सर.”

खोलीत पंख्याची दोरी ओढणारा माणूससुद्धा थांबला. मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, विकलेल्या आईसकट. ते तिघे हसताहेत की खोकताहेत, हे कळेना. शेवटी म्हाताऱ्या डॉक्टरांनी पांढऱ्या मिशा पुसल्या, यादीत माझ्या नावापुढे खूण केली आणि माझ्याकडे काळजीनं पाहत म्हणाले,

“घेतलं तुला. पण बाबा रे, आमच्याकडच्या रोग्यांना शिंगं नसतात. तू त्यांना धरणार कुठं?”