वळणावरचं खोकं

सव्वीस वर्षांत फोरमनदादांना एकाही यंत्राने चकवलं नव्हतं. पडद्यावरच्या खोक्यांनी मात्र तीन दिवसांत त्यांचं डोकं पार फिरवलं. साबणाच्या कारखान्यातली पॅकिंगची लाइन नव्या जागेत हलायची होती. आधी ती कॉम्प्युटरवर चालवून दाखवा, त्यात ज्याचं काम दिसणार नाही त्याला नव्या लाइनवर जागा नाही, असं साहेबांनी सांगून ठेवलं होतं. आज चार वाजता दाखवायचं होतं.

पट्टा सरळ असेपर्यंत खोकी शहाण्यासारखी चालत. वळणावर पट्टा वळे, खोकं काही वळत नसे. ते आडवंच पुढे जाऊन टेपच्या यंत्रात अडके आणि मागे रांग तुंबे. दादांनी खोकं नव्वद अंशांनी फिरवलं, तर ते सुरुवातीपासूनच आडवं. पट्टा फिरवला, तर खोकी जमिनीवरून निघाली.

"याचं पुढचं तोंड कुठलं हो?" त्यांनी शेजारी मदतीला बसलेल्या इंजिनियरबाईंना विचारलं.

"तुम्ही ठरवाल ते."

"मी? इतक्या वर्षांत खोक्याला कधी विचारलंच नाही."

शेवटी ते खाली खऱ्या लाइनवर गेले. वळणावर स्टुलावर वहिनी बसल्या होत्या. दादांचा भाऊ गेल्यावर त्याच्या जागी लागलेल्या. वहिनी बसून पगार खातात, ही सगळ्यांची थट्टा. दादांनीच साहेबांना दिलेल्या कामगारांच्या यादीत त्यांच्या नावापुढे 'विशेष काम नाही' असं लिहिलं होतं.

खोकं आलं. शेजारणीशी बोलता बोलता वहिनींनी त्याच्या कोपऱ्याला तळहात लावला. खोकं वळलं आणि सरळ पुढे गेलं.

"वहिनी, हे कधीपासून करता?"

"काय? हे होय? पहिल्या दिवसापासून. तुमच्या भावानंच दाखवलं होतं. हे काय काम आहे का भाऊजी?"

दादांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते तसेच वर आले.

"जमलं," इंजिनियरबाई म्हणाल्या. "वळणावर नव्वद अंश टाकले. आता आपोआप वळतात."

"ते काढा."

"अहो, चार वाजत आले. चालतंय की."

"चालतंय, पण वळवतंय कोण? माणूस कसा ठेवायचा ते दाखवा."

बाईंनी दाखवलं. वळणाशी एक छोटी आकृती उभी राहिली, पट्ट्याकडे पाठ करून. तिचं तोंड कुठे हवं, हे मात्र दादांना कुणाला विचारावं लागलं नाही.