चंद्राबाईच्या खोल्यांचे कागद

घोटावड्यात चंद्राबाईच्या बारा खोल्या आहेत, त्यांत एकतीस माणसं राहतात, आणि तरी बाईला बोलायला माणूस नव्हतं असं म्हटलं तर तुम्ही मला वेड्यात काढाल. पण खरंच नव्हतं हो. कंपन्यांच्या तीन पाळ्या. दिवसपाळीवाला तांबडं फुटायला बाहेर पडतो, रातपाळीवाला दिवसभर दार लावून घोरत पडतो, आणि मधल्या पाळीवाला कधी येतो नि कधी जातो ते त्याचं त्यालाच ठाऊक. दिवसभरात बाईला हाक यायची ती एकच, "आजी, मोटर लावा!" मोटर लावली, टाकी भरली, बादल्यांचा खडखडाट झाला, की पुन्हा सगळं चिडीचूप.

नवरा बहिरू, त्याला जाऊन नऊ वर्षं झाली. जमीन विकून आलेल्या पैशातून मुलानं, शरदचंद्रनं, आधी आईला ह्या खोल्या बांधून दिल्या आणि मग स्वतः सूसला फ्लॅट घेऊन बायकोपोरांसकट तिकडं गेला. सूस काय सातासमुद्रापलीकडं आहे? गाडीवर बसलं की पाऊण तासात घोटावडं. पण ती गाडी इकडं वळायची दिवाळीला आणि गावच्या जत्रेला. एरवी रविवारी फोन. "आई, बरी हायेस ना?" आणि हिनं व्हय म्हणायच्या आत, "बरं, ठेवतो." मला तर असा संताप येतो! तिला नाही यायचा. ती म्हणायची, "कामात असतोय त्यो."

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र बाई भारी कडक. नवा भाडेकरू आला की आधारची झेरॉक्स घेतल्याशिवाय किल्ली द्यायची नाही. माणूस पाठमोरा झाला की ती ओट्यावर बसून झेरॉक्सच्या कोपऱ्यात निळ्या पेनानं नोंद करायची. चौथी पास होती, अक्षर टपोरं, आणि त्या अक्षराचा तोरा तर विचारू नका. तारीख मात्र कधी लिहायची नाही. 'खोली सात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी.' 'खोली तीन, म्हस व्याली त्या दिवशी.' तारीख कुणाच्या ध्यानात राहते, पोळा ध्यानात राहतो, असा तिचा हिशेब. मग तो कागद पत्र्याच्या डब्यात जायचा आणि डबा दिवाणाखाली.

बाराव्या खोलीत स्नेहल आली. सव्वीस वर्षांची, जालन्याकडची, हिंजवडीत कुठल्याशा ऑफिसात कामाला. पहिल्याच संध्याकाळी हातात रिकामी वाटी घेऊन दारात उभी. "आजी, मीठ देतेस का गं जरासं?" आणि मीठ घेऊन गेली असती तर ती इतरांसारखीच झाली असती. ती तिथंच चुलीपाशी बसली. भाकरी थापणारे हात बघत म्हणाली, "तुझी भाकरी गोल कमी आणि भारताच्या नकाशासारखी जास्त दिसते." असं बोलायची कुणाची टाप होती का? चंद्राबाई पदर तोंडाला लावून हसली. किती दिवसांनी हसली, देव जाणे.

त्या दिवसापासून स्नेहल रोज संध्याकाळी चंद्राबाईकडं जेवायला. बाईचा स्वयंपाकच पुन्हा सुरू झाला म्हणा ना! त्याआधी एकटीपुरतं काय रांधायचं, म्हणून ती सकाळचा भात संध्याकाळी ताकात कालवून खायची आणि आडवी व्हायची. आता पिरंगुटच्या बाजारातून वांगी काय, मेथी काय, बोंबील काय! दुकानदारानं विचारलं, "पावणे आलेत का?" तर ही म्हणाली, "पावणे कशाचे, लेकच हाय माझी."

काही महिन्यांनी स्नेहलचं ऑफिस सुटलं. घरूनच काम मिळालंय म्हणाली आणि दिवसभर फोन नि लॅपटॉप घेऊन बसायला लागली. बाईला बरंच झालं, दुपारीही माणूस मिळालं. तेवढ्यात गावात आवई उठली की भाडेकरूंची माहिती पोलिसांच्या वेबसाइटवर भरायची, नाही भरली तर मालकावर केस. बाईनं लगेच स्नेहलला गाठलं. स्नेहल म्हणाली, "त्यात काय एवढं? आण डबा." एका दुपारी ओट्यावर बसून तिनं सगळ्या झेरॉक्सचे फोटो काढले, मालकीण म्हणून बाईच्या आधारचाही काढला, माहिती भरली, आणि डबा जिथल्या तिथं ठेवला. चंद्राबाईनं त्या दिवशी शिरा केला.

मग एका सकाळी सातव्या खोलीतली हुस्ना दीड वर्षाच्या पोरीला काखेत मारून धावत आली. तिचा नवरा शहनवाज पिरंगुटला कारखान्यात प्रेस मशीनवर कामाला. चार वर्षांत कधी वर मान करून बोलला नाही, इतका गरीब. त्याला पोलिसांनी उचलून नेलं होतं. "आजी, तुमी चला. तुमी घरमालकीण, तुमचं ऐकतील. त्यांनी कायबी केलं न्हाई हो!"

चंद्राबाई नवं लुगडं नेसून तिच्याबरोबर गेली. ठाण्यात गौतमी नावाच्या तरुण फौजदार बाई होत्या. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समजावून सांगितलं. "आजी, फोनवर एक चोरबाजार चालतो. तिथं दुसऱ्याच्या फोनमध्ये शिरायची हत्यारं विकत मिळतात, चोऱ्या करून देणारी माणसं भाड्यानं मिळतात, आणि लोकांचे आधारकार्डाचे फोटो तर भाजीसारखे विकले जातात. शहनवाजच्या कागदावर कुणीतरी सिमकार्ड काढलं आणि त्यावरून एका म्हाताऱ्या मास्तरांना लुबाडलं. आता त्यानं स्वतःच कागद विकला, की त्याचा कुणी चोरला, ते शोधायचंय."

त्यांनी कॉम्प्युटर तिच्याकडं वळवला. पडद्यावर शहनवाजची झेरॉक्स. आणि कोपऱ्यात, निळ्या पेनानं, टपोरं: खोली सात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी.

"हे अक्षर कुणाचं, ते ओळखता का?"

त्या कागदाचा फोटो जगात एकाच माणसानं काढला होता. चष्मा तिच्या कमरेच्या पिशवीत होता, पण ती म्हणाली, "चष्मा घरी ऱ्हायला, बाई. काय दिसंना मला." शेजारी हुस्ना हात जोडून बसली होती. तिच्याकडं न बघता चंद्राबाई उठली.

संध्याकाळी स्नेहल जेवायला आली. बाईनं ताट वाढलं, पण स्वतः घेतलं नाही. "शहनवाजचा कागद तू इकलास?"

स्नेहलचा घास हातातच राहिला. थोबाड वर करून खोटं बोलली असती तर बाईनं विश्वास ठेवला असता, इतकी ती आसुसलेली होती. पण पोरगी रडायला लागली. नोकरी गेली होती, घरी सांगायची सोय नव्हती, आणि कुणीतरी तिला त्या बाजाराची वाट दाखवली होती. "नुसते फोटो होते गं आजी. मला वाटलं, कुणाचं काय जातंय."

"त्याला धरून नेलाय न्हवं!"

"सोडतील त्याला. त्यानं केलंच नाही तर किती दिवस ठेवतील?" मग तिनं बाईचा हात धरला. "तू बोलली नाहीस तर कुणाला कळणार नाही. आणि मी कुठं जात नाही बघ. इथंच राहते तुझ्याजवळ. कायमची."

बघा, कसं वर्मावर बोट ठेवलं! पैसे देते म्हणाली असती तर चंद्राबाईनं तिथंच कानाखाली जाळ काढला असता. पण कायमची म्हणाली. बाईनं हात सोडवून घेतला नाही. आणि मला तिचा राग येत नाही, कारण ताकात कालवलेला तो भात मी पाहिलाय.

सकाळी हुस्ना ठाण्याकडं निघाली. काखेत पोरगी, हातात नवऱ्याचा डबा. जाताना ओट्यापाशी थांबली. "आजी, किल्ली तुमच्यापाशी ठेवते. मोटर लावली का आमची एक बादली भरून ठेवाल का?" ना तक्रार, ना संशय. चार वर्षं ठेवत होती तशीच किल्ली ठेवली आणि बस गाठायला निघाली.

चंद्राबाई त्या किल्लीकडं बघत राहिली. मग पायांत चपला अडकवून तिनं मागून हाक मारली, "थांब गं पोरी, मी बी येते. चष्मा घेतलाय म्या."

तिनं ठाण्यात सगळं सांगितलं. अक्षर माझं, डबा माझा, फोटो काढले बाराव्या खोलीतल्या पोरीनं. दुपारी स्नेहलला न्यायला गाडी आली. जीपमध्ये बसेपर्यंत तिनं मान वर केली नाही, आणि ओट्यावर उभ्या असलेल्या चंद्राबाईनंही हाक मारली नाही. संध्याकाळी शहनवाज सुटला. त्यानं बाईच्या पायाला हात लावला, आणि महिनाअखेरीला खोली सोडतो म्हणाला. त्याचंही बरोबरच होतं. इतर भाडेकरू मोटर लावायला हाक मारायचे, पण 'आजी' गळून गेलं, आता नुसतं "पाणी" म्हणायचे.

बाईनं मनाला एकच टेकू दिला होता. त्या भवानीनं मलाबी इकलं असंल. जिनं एवढी माणसं विकली, ती मला काय सोडणार? जेवण, माया, सगळं त्या डब्यासाठीच होतं. असं घोकलं की जरा राग यायचा, आणि राग आला की रिकामं घर सोसवायचं.

आठवड्यानं सहीसाठी पुन्हा बोलावणं आलं. गौतमीबाईंनी विकलेल्या कागदांची यादी एकेक नाव घेत वाचून दाखवली. चंद्राबाई कान देऊन ऐकत होती. यादी संपली.

"आनि माझं?" बाईनं विचारलं.

"तुमचं नाही, आजी. मालकिणीचा म्हणून तुमच्या कागदाचा फोटो तिच्या फोनमध्ये आहे. गिऱ्हाइकानं तो दोनदा मागितलाय, वयस्कर माणसाचा असला तर जास्त देतो म्हणून. दोन्ही वेळा तिनं नाही म्हणून कळवलंय."

चंद्राबाईनं सही केली. टपोरी, नीट. मग पेन टेबलावर ठेवून ती कुणाकडंही न बघता म्हणाली, "इकायचा की गं माझाबी. मला सोपं गेलं असतं."