पवनेपल्याडचे प्रेमशब्द

शिवाजीनगरहून पॅसेंजर सुटली तेव्हा खडकीच्या माळावर धुकं तरंगत होतं. सोबत फादर होते. मूळचे स्पेनचे, आता पुण्यातच म्हातारे झालेले. त्यांच्याकडे मी हौसेनं स्पॅनिश शिकत होते आणि रहाटणीचा तानाजी इंग्रजी. पिंपरीच्या नव्या औषध-कारखान्यात लागल्यावर त्यानं मला लग्नाचं विचारलं. "आधी तुमच्या आईंना भेटू द्या," मी म्हटलं. ती शेतकऱ्याघरची, मी ब्राह्मणाघरची शिक्षिका. तिनं नको म्हटलं, तर लग्नाचा विषय तिथंच सोडायचा असं मी ठरवलं होतं.

पिंपरीला तानाजी टांगा घेऊन उभा होता. ज्वारीच्या शेतांमधून टांगा संथ निघाला आणि फादर शब्दांत रमले.

"आमच्याकडे प्रेम करणं म्हणजे ‘केरेर’. तो ज्या लॅटिन शब्दापासून आला, त्याचा अर्थ होता शोधणं. ‘एस्पोसा’ म्हणजे बायको. मुळात, जिला वचन दिलंय ती."

तानाजी एकदम बाभळी बघू लागला.

पवनेच्या उतारात, जिथून उथळ नदी ओलांडतात तिथं, चाक वाळूत रुतलं. "उतरा राव, घोडं न्हाई ओढायचं," टांगेवाला म्हणाला. फादरांनी पांढरा झगा गुडघ्यापर्यंत धरला. गार पाणी, पायाखाली सरकती वाळू. चालतेय की वाहतेय, मला समजेना.

रहाटणीला घरी पोचल्यावर तानाजीच्या आईनं भाकरी-पिठलं वाढलं. माझ्याशी मात्र ती बोलेना. फादरांनीच विचारलं, "आई, प्रेमाला तुम्ही काय म्हणता?"

ती पदराआड हसली. "असं कोन बोलतंय? मानूस जवळ नसलं की करमत न्हाई, येवढंच म्हनतो आमी."

"आमचा ‘कारिन्यो’ तसाच!" फादर म्हणाले. "म्हणजे माया. लॅटिन ‘कारेरे’पासून आला. कारेरे म्हणजे एखाद्यावाचून असणं."

"ते मला न्हाई कळत. पन ह्यो कामावरनं येतो आन् पुन्याच्या वाटंकडं बघत बसतो." मग ती थेट माझ्याकडे वळली. "तुला करमंल का आमच्यात?"

तानाजीचा घास हातातच राहिला.

"करमेल," मी म्हणाले.

तिनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. "मग नीट जेव. लाजू नको."

परतीच्या गाडीत फादर डुलक्या घेत होते. बाहेर उन्हं कलली होती. दूरदूरचे देश बघायची मला लहानपणापासून हौस. पण त्या दिवसाइतकी लांब मी कधीच गेले नव्हते. आणि पुणं जवळ येऊ लागलं, तशी मी घरी चाललेय की घरून निघालेय, हे मला सांगता येईना.