पहिल्या खांबाचा मुहूर्त

“नाक घास इथं. शुभकामात अपशकुन बोललास.”

मालकाने पूजेच्या ताटाकडे बोट केलं. दोंडाईच्याजवळ त्याच्या कापसाच्या जिनिंगची नवी शेड उभी राहायची होती. पहिला लोखंडी खांब क्रेनने उचलायचा, त्याचा मुहूर्त. गुरुजी, पाहुणे, पेढे, सगळं हजर. मी एवढंच म्हणालो होतो की वरून विजेची हायटेन्शन तार गेलीय, वायरमनला सांगून लाईन बंद करून घ्या, मग उचलतो.

“तोवर मुहूर्त टळेल. तुला क्रेन चालवायला आणलं, अक्कल चालवायला नाही. तुझ्या बापाने कधी पूजेचं ताट पाहिलं होतं का रे?”

पाहुणे हसले. मी बावीस वर्षं क्रेन चालवतो. केस पिकलेत. मी गुडघ्यांवर बसलो. नारळाच्या पाण्याने ओली झालेली माती होती. तिच्यात नाक घासलं.

रायसिंग तेवढा हसला नाही. सातपुड्याच्या पायथ्याचा. मी वर केबिनमध्ये, तो खाली लोखंड धरून, अशी आमची सात वर्षं. त्याने आपल्या गमछ्याने माझं नाक पुसलं. म्हणाला, “तू उचल भाऊ. मी शे ना खाले.”

पूजा केलेल्या लोखंडाला चप्पल घालून हात लावायचा नाही, ही आमच्यातली रीत. त्याने चप्पल काढली, ओल्या मातीत उभा राहिला, खांब धरला. ती रीत त्याला मीच शिकवली होती.

सगळ्यांनी माझं नाक विसरावं, म्हणून मी घाईने उचललं.

क्रेनचा दांडा तारेला टेकलासुद्धा नसेल. जवळ गेला, तेवढं पुरलं. केबिनमध्ये मला काही झालं नाही. वीज खाली उभ्या माणसातून जाते. हे मालकाला माहीत नसेल. मला होतं.

दवाखान्यात रायसिंगच्या बायकोने विचारलं, “तुले तार दखायनी नही का, भाऊ?”

“दखायनी.”

ती पुन्हा माझ्याशी बोलली नाही.

चौथ्या दिवशी मालकाने टाइप केलेला कागद पुढे सरकवला. मजुराने चुकीचा इशारा दिला, असा माझा जबाब.

“सही कर. तूही सुटशील, मीही.”

मेलेल्या माणसाचं नाक घासायचं होतं आता. माझ्या हाताने. मी कागद उलटा केला. मागे लिहिलं: तार दिसत होती. लाईन बंद करा म्हणालो. मालकाने नाक घासायला लावलं, मी घासलं. मग उचललं. खाली सही केली आणि पोलीस ठाण्यात नेऊन दिला.

मालकाचं काही बिघडलं नाही. आरोपी मी एकटा. धुळ्यापासून जळगावपर्यंत मला कोणी क्रेनवर बसवत नाही. तोच खांब पुढच्या आठवड्यात दुसऱ्याने उभा केला. लाईन बंद करून. अर्धा तास लागला म्हणे.

वकील म्हणतो, नाक घासल्याचं सांगू नका, लोक हसतील. शिक्षा टळणार नाहीच. पण कोर्टात विचारतील तेव्हा मी तीच चार वाक्यं बोलेन. मालकासमोर. एकही गाळणार नाही. नाक घासलं, तेही नाही.