कोकिळाबाईंच्या हिरव्या गोट्या

धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या बोळात कोकिळाबाई कासार यांचं बांगड्यांचं दुकान आहे. बायका बांगड्या भरायला येतात, आणि अधूनमधून कोणीतरी आजोबांच्या गोट्यांचा डबा घेऊन येतं. काचेची जुनी गोटी ओळखावी तर कोकिळाबाईंनी, असं धुळ्या-जळगावात मानतात.

ही विद्या वडिलांची. ते साक्रीच्या बाजारात बांगड्यांची पेटी घेऊन बसत आणि बांगड्यांच्या बदल्यात कधी गोट्याही घेत. हाताने केलेली गोटी तापलेल्या काचेच्या कांडीवरून कापलेली असते, म्हणून तिच्या दोन टोकांना खरबरीत वण राहतात. यंत्राच्या गोटीला ते नसतात. नखाला वण लागला की कोकिळाबाई गोटी तोंडात घालून ओली करत आणि उजेडात धरत. ओल्या काचेवरचे ओरखडे लपतात, आतले रंग उघडे पडतात. पस्तीस वर्षं त्यांनी हेच केलं.

गेल्या भाद्रपदात जळगावहून रोनक नावाचा तरुण आला. जुन्या वस्तू घेऊन हौशी लोकांना विकणं हा त्याचा धंदा. कोकिळाबाईंनी वडिलांच्या गोट्या दाखवल्या. त्याने भरदुपारी शटर अर्धं खाली ओढलं आणि नोटा तपासायचा जांभळा टॉर्च लावला. चार हिरव्या गोट्या काजव्यासारख्या पेटल्या.

"हाई काय शे?" कोकिळाबाई मागे सरकल्या. घाबरल्या की त्यांच्या तोंडी अहिराणीच येई.

"युरेनियम, मावशी! पूर्वी रंगासाठी काचेत घालायचे. यांना भाव जास्त येतो." तो खुशीत आकडा सांगू लागला.

कोकिळाबाईंना तो ऐकूच आला नाही. युरेनियम म्हणजे बॉम्ब, एवढंच त्यांना ठाऊक होतं. आणि या गोट्या आपण वर्षानुवर्षं तोंडात घातल्या, हे त्यांच्या ध्यानात आलं. आणि मग दुसरी गोष्ट आठवली. आतल्या खोलीत त्यांची लेक कामिनी झोपली होती, सातव्या महिन्यात, बाळंतपणाला माहेरी आलेली. लहानपणी हीच कामिनी यातलीच एक गोटी गालात धरून दिवसभर हिंडायची.

"आज नको," त्या कशाबशा म्हणाल्या आणि रोनकला वाटेला लावलं.

मिठाच्या पाण्याने त्यांनी इतक्या चुळा भरल्या की हिरड्या चुरचुरू लागल्या. गोट्या चिमट्याने उचलून पत्र्याच्या डब्यात टाकल्या. पण डबा ठेवायचा कुठे? गटारात टाकला तर पोरं शोधून काढतील. पांझरा नदीत टाकला तर तिथे गुरं पाणी पितात. गच्चीवर कामिनी कपडे वाळत घालते. स्वतःच्याच घरात चोरासारखा डबा घेऊन त्या फिरत राहिल्या. शेवटी दुकानाच्या पायरीखाली, विटेमागे ढकलला.

"आई, तुझा चेहरा असा का झाला?" कामिनीने विचारलं.

"ऊन लागलं गं."

दोन दिवस त्यांना घास गिळवेना. मोबाईलवर युरेनियमच्या एका व्हिडिओत एका माणसाने केस गळालेली बाई दाखवली. त्यांनी मोबाईल उलटा ठेवला आणि गुपचूप कामिनीचा कंगवा तपासला. चार केस होते. चार म्हणजे जास्त की कमी, हे कोणाला विचारणार?

तिसऱ्या दिवशी लताबाई बांगड्या भरायला आल्या. त्या कॉलेजात फिजिक्स शिकवत. कोकिळाबाईंच्या हातून एक बांगडी तडकली, लगेच दुसरीही. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. लताबाईंनी त्यांचं मनगट धरलं. "काय झालंय?"

ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी डबा घेऊन प्रयोगशाळेत या."

प्रयोगशाळेत टेबलावर किरणोत्सर्ग मोजायचं एक यंत्र मंद टिकटिकत होतं. लताबाईंनी ते गोट्यांजवळ नेलं, तशी टिकटिक एकदम दाटली. कोकिळाबाईंनी टेबलाची कड घट्ट पकडली. "मनी पोरले, कामिनीले काही व्हई का? बठ्ठं, सगळं खरं सांगा."

लताबाईंनी यंत्र हातभर मागे घेतलं. आवाज पुन्हा मंद झाला. "ऐका. यात युरेनियम आहे, पण थोडं आहे, आणि काचेत बंद आहे. हातात घेतल्याने काही होत नाही. तोंडात मात्र यापुढे घालू नका आणि कधी घासू-फोडू नका. कामिनीची गोष्ट वीस वर्षांपूर्वीची. त्याने बाळाला काही होईल असं मला वाटत नाही. तरी डॉक्टरांच्या कानावर घाला."

डॉक्टरही तेच म्हणाले. कोकिळाबाईंना ते पटलं, पण भीती काही लगेच उतरली नाही.

रोनक पुन्हा आला तेव्हा त्याच्याकडे स्वतःच्याही दोन चमकणाऱ्या गोट्या होत्या, जुन्या म्हणून घेतलेल्या. कोकिळाबाईंनी क्षणभर हात आखडला, मग वाटीत पाणी घेतलं. गोट्या बुडवल्या, नख फिरवलं.

"दोन्ही नव्या. वण कुठेय? अशी काच आजही करतात."

रोनकचं तोंड उतरलं. वडिलांच्या चारही गोट्या मात्र त्यांनी त्याला देऊन टाकल्या, काय आहेत आणि कशा सांभाळायच्या ते दोनदा बजावून.

कार्तिकात कामिनीला मुलगी झाली. नर्सने बाळ पुढे केलं, तरी कोकिळाबाईंनी हात पुढे केले नाहीत. डॉक्टरीणबाई येऊन "सगळं छान आहे" म्हणाल्या. कोकिळाबाईंनी त्यांना ते पुन्हा म्हणायला लावलं. मग खाली मान घालून पदराने हात पुसले, आणि नात मांडीवर घेतली.