सरळ स्टेअरिंग
परवा शहाद्यात जळक्या रबराचा वास आला आणि काकांची गाडी आठवली. कंपनीतून आली तशीच होती, फक्त डावीकडे ओढायची. चाकं जुळवायचं साधं काम, पण अलाइनमेंटवाल्या त्या दीडशहाण्याने चाकांना हातही लावला नाही, नुसतं स्टेअरिंग काढून सरळ बसवलं आणि म्हणाला, "देखा, आते सीधं शे का नही?" काका खूश. मी तोंड उघडलं, तर मलाच म्हणाले, "तू चूप ऱ्हाय!" महिनाभरात तोरणमाळच्या घाटात, दरीकडच्या वळणावर, आतल्या तारा दिसेपर्यंत एका बाजूने घासलेलं टायर फुटलं. काकू किंचाळली. काका उतरले आणि टायर बघून म्हणाले, "घाटच वाकडा शे, त्या दुकानवालानी काय चूक?" परवा त्याच दुकानापुढे रांग होती, आणि पहिली गाडी काकांचीच.